लहान विमानाचा पहिला धडा: पहिल्याच दिवशी विमान हातात देतात का?

पुढच्या महिन्यात जळगावला तुमचा पहिला धडा आहे, पहिल्याच दिवशी विमान खरंच हातात देतात का, आणि भीती वाटली तर काय करायचं, असं तुम्ही विचारलं आहे.

हो, देतात. तुम्हाला डावीकडच्या सीटवर बसवतील, म्हणजे कॅप्टनच्या जागी. उजवीकडे इन्स्ट्रक्टर. स्टिअरिंगसारखं योक आणि नाक डावी-उजवीकडे वळवणारी पायाखालची रडर पेडलं दोघांनाही असतात, त्यामुळे तुमचं काही चुकलं तर तो त्याच क्षणी सावरून घेतो. ‘यू हॅव कंट्रोल्स’ असं तो म्हणेल, तुम्ही ‘आय हॅव कंट्रोल्स’ म्हणायचं. विमान या घडीला कुणाच्या हातात आहे याबद्दल दोघांच्या मनात शंका राहू नये, म्हणून हे मोठ्यानेच बोलतात.

मी यावल तालुक्यातल्या केळीवाल्याची मुलगी. पहिल्या सॉर्टीत, म्हणजे पहिल्या उड्डाणात, मी योक इतकं घट्ट धरलं होतं की खाली उतरल्यावर बोटं दुखत होती. इन्स्ट्रक्टर सारखे म्हणत होते, ‘दोन बोटांनी धर.’ ते मला कळलं घरी आल्यावर. लहानपणी आबांनी बैलगाडी शिकवताना कासरा सैल ठेवायला सांगितलं होतं. बैलाला वाट ठाऊक असते, नुसतं सुचवायचं. सेसना १७२ सारखं शिकाऊ विमान तसंच आहे. ट्रिमचं चाक, म्हणजे योकवरचा जोर काढून घेणारं छोटं चाक, फिरवून ते नीट बसवलं आणि हात काढला, तरी ते सरळ उडत राहतं. दुसऱ्या सॉर्टीला माझा हात निम्मा हलका झाला होता आणि भीतीही तेवढीच उतरली होती.

आता खानदेशातली खास गोष्ट, कारण ती इतर ठिकाणच्या सल्ल्यात सापडणार नाही. सकाळची वेळ मागा, शक्यतो सूर्य उगवल्याबरोबरची. इथल्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो. तापलेली हवा विरळ होते. पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाची ताकद उतरते, नाकावरचा फिरता पंखाही (प्रॉपेलर) कमी हवा कापतो. जळगाव समुद्रसपाटीपासून अडीचशे मीटरच्या आसपास, पण मे महिन्यातल्या दुपारी विमानाला तिथली हवा साडेचार हजार फुटांवरच्या हवेसारखी वाटते. म्हणजे जळगावात उभं राहून जवळपास महाबळेश्वरच्या उंचीवरून उडायचं! धाव लांबते आणि वर चढणं मंदावतं. शिवाय वखरलेली काळी जमीन तापून वर लोट सोडते, आणि केळीच्या बागांवर किंवा तापीच्या पात्रावर विमान जरा खाली बसतं. हे धक्के धोक्याचे नसतात, पण पहिल्याच दिवशी पोट ढवळलं तर मन खट्टू होतं. सकाळी तीच हवा तेलासारखी गुळगुळीत असते. पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबर ते फेब्रुवारीत शिकायला मिळालं तर त्याहून चांगलं काही नाही.

उडायच्या आधी इन्स्ट्रक्टरबरोबर विमानाभोवती फेरी मारायची असते. हा भाग घाईत उरकू नका, मला तो आजही सर्वात आवडतो. टाकीतलं थोडं पेट्रोल पारदर्शक नळीत काढून बघतात. विमानाचं पेट्रोल निळसर असतं. पाणी शिरलं असेल तर ते जड म्हणून तळाशी वेगळं दिसतं. वेग मोजणारी नळी पंखाखाली असते. तिच्या तोंडात कुंभारमाशीने घर केलं तर वेग चुकीचा दिसतो, म्हणून तिच्यावर झाकण असतं आणि ते काढलं की नाही हे स्वतः बघायचं.

जमिनीवर विमान पायांनी वळतं. हात मात्र गाडीच्या सवयीने योक फिरवतात, सगळ्यांचेच. धावपट्टीवर पूर्ण थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची पूर्ण ताकद, दिला की नाक डावीकडे ओढ घेतं, तेव्हा उजवं पेडल हळू दाबायचं. ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास वेग आला की योक किंचित मागे घ्यायचं. चाकांची घरघर एकदम थांबते. त्या शांततेसाठी तयार राहा, माझे तर डोळे भरून आले होते.

वर गेल्यावर नजर समोरच्या वेग-उंचीच्या घड्याळांवर खिळवू नका, बाहेर बघा. उत्तरेला तोंड असताना सातपुड्याच्या माथ्याला क्षितिज समजू नका. डोंगर क्षितिजाच्या वर येतात आणि त्यावर नाक बसवलं की विमान नकळत चढत राहतं. पायथ्याशी जमीन जिथे संपते ती रेघ धरा. वळणं, चढणं, उतरणं, एवढंच त्या दिवशी शिकवतात. विमान उतरवण्याचं काम इन्स्ट्रक्टरच करेल, तुम्ही हात हलका ठेवून सोबत राहा.

एकट्याने उडायला स्टुडंट पायलट लायसन्स लागतं, त्यासाठी वय १६ पूर्ण आणि क्लास २ ची वैद्यकीय तपासणी. व्यावसायिक वैमानिक व्हायचं असेल तर २०० तास आणि क्लास १ ची तपासणी. मनात नोकरी असेल तर मोठी फी भरण्याआधी क्लास १ करून घ्या. आमच्याकडे बागेच्या कर्जातून फी भरणारी घरं आहेत, डोळ्यांचा किंवा कानाचा दोष नंतर कळला तर सगळं घर अडकतं.

त्या दिवशी आबा फाटकाबाहेर थांबले होते. मी आले तसं त्यांनी पहिलं विचारलं, ‘आपला बाग दिसला का?’ नव्हता दिसला, तेवढ्या लांब गेलोच नव्हतो. पुढे एकदा तापी ओलांडून गेले, तेव्हा विहिरीवरच्या निळ्या पत्र्यावरून ओळखला आणि संध्याकाळी त्यांना सांगितलं.