सांडपाण्यावर चालणाऱ्या फोटोकॅटॅलिटिक फ्युएल सेलसाठी ॲनोड कोणता घ्यावा?

रिॲक्टिव्ह रंगांचं सांडपाणी, सीओडी (पाण्यातली घाण रासायनिकरीत्या जाळायला लागणारा ऑक्सिजन) लिटरला साधारण 1000 मिलिग्रॅम, ते उन्हात साफ करायचं आणि त्याच विजेवर पंप चालवायचा, असा तुमचा बेत. अशा सेलमध्ये ॲनोड प्रकाश शोषून पाण्यातली घाण जाळतो आणि सुटलेले इलेक्ट्रॉन तारेतून कॅथोडकडे जाताना वीज देतात. टायटॅनियम डायऑक्साइड की टंगस्टन ऑक्साइड, हा प्रश्न.

पंप आधी विसरा. 1 ग्रॅम सीओडी संपवायला सुमारे 12,000 कूलंब लागतात. ॲनाटेज टायटॅनियम डायऑक्साइड 387 नॅनोमीटरच्या खालचाच प्रकाश शोषतो आणि उन्हात तो जेमतेम 4-5 टक्के असतो. एकही फोटॉन वाया गेला नाही असं धरलं तरी चौरस मीटरला 10 अँपिअरच्या आसपास प्रवाह मिळेल. म्हणजे 6 तासांत 18 ग्रॅम सीओडी, तुमचं 18 लिटर पाणी. अर्धा व्होल्ट धरला तर 5 वॅट. प्रत्यक्षात याहून बरंच कमी.

टंगस्टन ऑक्साइड 460 नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश घेतो, त्यामुळे प्रवाहाची मर्यादा बरीच वाढते. पण त्याच्या कंडक्शन बँडची (प्रकाशाने मोकळे झालेले इलेक्ट्रॉन जिथे असतात त्या ऊर्जापट्ट्याची) पातळी अशी, की हवेतल्या ऑक्सिजनच्या कॅथोडसमोर जास्तीत जास्त 0.8 व्होल्टच उरतात. आणि अल्कलीत तो विरघळतो. रिॲक्टिव्ह डाइंगचं पाणी पीएच 10-11चं, तेव्हा तुमच्यासाठी तो बादच. कॅडमियम सल्फाइडचा तर विचारही नको; उजेडात स्वतःच गंजतं आणि पाण्यात कॅडमियम सोडतं.

तेव्हा टायटॅनियम डायऑक्साइडच घ्या. टायटॅनियमच्या पत्र्यावर वीज देऊन त्याच्या नॅनोट्यूब (अतिसूक्ष्म नळ्या) वाढवा: एथिलीन ग्लायकॉलमध्ये वजनाने 0.5 टक्के अमोनियम फ्लोराइड, 2 टक्के पाणी, 50-60 व्होल्ट, नंतर 450 अंशांवर 2 तास भट्टी. भट्टी टाळली तर थर अस्फटिक राहतो आणि प्रवाह जवळपास मिळतच नाही. फ्लोराइड अंगावर उडू देऊ नका. नळ्या काही मायक्रॉन पुरे. त्याखाली अतिनील पोचत नाही, लांब नळ्या फक्त सोलून निघतात.

पत्रा अपारदर्शक, म्हणून प्रकाश पाण्यातूनच येणार, आणि रंगीत पाणी तो आधीच गिळतं. पाण्याचा थर 3-5 मिलिमीटरच ठेवा, वरच्या टाकीतून उतारावर वाहू द्या. वाहक काच घेतली तर मागून प्रकाश देता येतो, पण मोठ्या काचेत तिचा रोध व्होल्टेज खातो.

कॅथोड ॲक्टिव्हेटेड कार्बनचा, एक बाजू हवेकडे. प्लॅटिनम या पाण्यात लवकर मंदावतं, पैसे वाया. कार्बनची हवेकडची बाजू भिजली किंवा तिच्यावर क्षार साचले की प्रवाह पडतो.

लोड, म्हणजे सेलला बाहेरून जोडायचा रोध, किती लावायचा, हे मात्र तुम्हालाच ठरवावं लागेल. सर्वाधिक शक्ती मधल्या रोधावर मिळते, सर्वाधिक सफाई जवळपास शॉर्ट सर्किटवर. मी सफाईच निवडेन.

पाण्यात मीठ असेल तर ॲनोडवर क्लोरीन तयार होऊन रंग झटकन उडतो, पण क्लोरीनयुक्त सेंद्रिय पदार्थ मागे राहू शकतात. म्हणून रंगावर जाऊ नका, सीओडी मोजा, आणि क्लोराइडमुळे आकडा फुगू नये म्हणून चाचणीत मर्क्युरिक सल्फेट घाला. उन्हात ठेवण्याआधी सेल तासभर अंधारात चालवा. तेवढ्यात जो रंग कमी होतो तो नुसता ॲनोडला चिकटलेला असतो, तो हिशोबात धरू नका.