सणासुदीला मन जड होतं, काय करावं?

सुट्ट्या जवळ आल्या की छातीत धडधडतं, कारण नसताना रडू येतं, हे नॉर्मल आहे का, असं तुम्ही विचारलंय. हो, अगदी. खर्च, पाहुणे, जागरणं आणि नात्यांमधले जुने सल, सगळं एकदमच अंगावर येतं. त्यात घरातलं कुणी गेलं असेल तर ती रिकामी खुर्ची फार बोचते. अशा वेळी उसनं हसू आणू नका. जेवताना त्या माणसाची आठवण खुशाल काढा. बाकीच्यांच्याही ती ओठांवर आलेली असते, फक्त सुरुवात कुणी करत नाही.

झोपेशी मात्र तडजोड नको. झोप अपुरी असली की साधा टोमणाही जिव्हारी लागतो. दारूने डोळा लवकर लागतो, पण झोप तुटक होते आणि दुसऱ्या दिवशी बेचैनी वाढते.

घर माणसांनी भरलेलं असताना गळा दाटून आला तर सरळ उठून बाहेर या. 4 आकडे मोजत श्वास घ्या, 6 मोजत सोडा. श्वास सावकाश सोडला की हृदयाचे ठोके मंदावतात. 5 मिनिटं करून बघा.

कुठे जायचं नसेल तर आधीच कळवून टाका, कारणं देत बसू नका.

उदासी 2 आठवडे हटली नाही, भूक-झोप बिघडली, तर डॉक्टरांकडे जा. आणि जगणंच नको वाटत असेल तर आत्ता, हे वाचून झाल्याबरोबर, जवळच्या कुणाला तरी फोन करा. ती रात्र एकट्याने काढू नका.