नाला खोलीकरण की बंधारा? दोन्हींच्या आधी करायचे काम

आपल्या गावाला या उन्हाळ्यात पोकलेन उपलब्ध होणार आहे, डिझेलपुरती लोकवर्गणी जमली आहे आणि त्यातून गावाजवळच्या नाल्याचे खोलीकरण करावे की सिमेंटचा बंधारा बांधावा, असा आपला प्रश्न आहे. पाऊस ५०० मिलिमीटरच्या आसपास, वर उघडा डोंगर, मधल्या टप्प्यात हलक्या व मध्यम जमिनी आणि खाली नाल्याकाठी काळी जमीन व विहिरी, असे शिवाराचे वर्णन आपण दिले आहे. माझे स्पष्ट मत असे आहे की नाल्याचा निर्णय तूर्त बाजूला ठेवावा. आधी माथा, मग शेते आणि सर्वांत शेवटी नाला हा क्रम मोडू नये. आणि साठलेले पाणी कोणी किती वापरायचे याचा ठराव पहिली कुदळ पडण्यापूर्वी करावा.

१९७२ च्या दुष्काळात आणि त्यानंतर दुष्काळी कामांतून राज्यभर पाझर तलाव झाले. लोकांच्या हाताला काम मिळाले, ही त्यांची मोठीच कामगिरी. परंतु वरच्या पाणलोटात माती अडवण्याचे काम झालेले नसल्याने त्यांपैकी पुष्कळ तलाव गाळाने भरत गेले. आज आपण फक्त नाल्यात खर्च केला तर वरच्या डोंगराची माती त्याच वाटेने येऊन तो खड्डा काही पावसाळ्यांतच बुजवेल.

पाण्याचा हिशेब मांडून पाहा. १ हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे १० हजार लिटर पाणी पडले. ५०० मिलिमीटरला ते ५० लाख लिटर होते. डोंगरउतारावर एकाच पातळीत आडवा खोदलेला सलग समतल चर ६० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल असेल, तर त्यात मीटरमागे १८० लिटर पाणी मावते. हेक्टरी ५०० मीटर लांबीचे चर बसले, तर एका भरण्यात ९० हजार लिटर, म्हणजे त्या हेक्टरवरून वाहून जाऊ पाहणारे ९ मिलिमीटर पाणी जागीच थांबते. चर एकदाच भरून थांबत नाही. पाणी मुरले की पुढच्या पावसाला तो पुन्हा रिकामा असतो. शिवाय चराच्या खालच्या अंगाला टाकलेल्या मातीच्या भरावावर पावसाच्या तोंडाला स्टायलो, मारवेल या चाऱ्याच्या वनस्पतींचे बी टाकले आणि त्या भागात चराईबंदी पाळली, तर दोन-तीन वर्षांत गवतच माती धरू लागते. चराईबंदीचा भार शेळ्या-मेंढ्या सांभाळणाऱ्या घरांवर पडतो, म्हणून गवत कापून नेण्याचा पहिला हक्क त्या घरांना द्यावा. हे न करता घातलेली बंदी टिकत नाही आणि टिकावी अशी अपेक्षा करणेही न्याय्य नाही.

चर समपातळीत असणे ही यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. आखणी नजरेने केली तर पाणी चरात उताराच्या टोकाला धावते, तिथे चर फुटतो आणि खाली नवी घळ पडते, म्हणजे काम न करण्यापेक्षा अधिक नुकसान होते. यासाठी महागडे उपकरण लागत नाही. दोन सरळ काठ्या ‘ए’ अक्षरासारख्या बांधाव्यात, मध्ये आडवी काठी बांधावी आणि वरच्या टोकापासून दगड बांधलेली दोरी खाली सोडावी. जमिनीवर दोन्ही पायांच्या जागा खुणेने नक्की करून दोरी आडव्या काठीला जिथे स्पर्श करते तिथे खूण करावी; मग पायांची अदलाबदल करून पुन्हा खूण करावी. या दोन खुणांचा मध्य म्हणजे समपातळीची खूण. पुढे चालत जाताना दोरी त्या मध्यावर येईल अशाच ठिकाणी पाय टेकवत जावे आणि मागून एकाने फक्की (खुणेची पांढरी भुकटी) टाकत यावे. दोरी हलेल इतका वारा असेल तर आखणी करू नये. सकाळची वेळ उत्तम.

ओघळींत, जिथे दगड हाताशी आहेत तिथे, माथ्याकडून खाली येत अनगड दगडी बांध घालावेत. त्यांचे काम पाणी साठवणे नाही, वेग मोडणे आणि माती मागे ठेवणे हे आहे.

पोकलेनचा खरा उपयोग मधल्या टप्प्यातल्या बांधबंदिस्तीला आहे. हलक्या-मध्यम जमिनीत समतल बांध किंवा कंपार्टमेंट बंडिंग, म्हणजे शेताचे बांधांनी पाडलेले चौकोनी कप्पे, चालते. भारी काळ्या जमिनीत मात्र समतल बांधामागे पाणी तुंबते, पीक पिवळे पडते आणि भेगाळलेला बांध फुटतो. तिथे पाणी हळूहळू बाहेर नेणारे ढाळीचे बांध घालावेत. प्रत्येक बांधाला दगडी सांडवा हवाच. सांडव्याचे पाणी शेजाऱ्याच्या शेतात कुठे उतरणार, हे दोन्ही शेतकऱ्यांना जागेवर उभे करून ठरवावे आणि लिहून घ्यावे. गावोगावी ही कामे तांत्रिक अडचणीपेक्षा बांधाच्या वादानेच अधिक अडतात. जालना जिल्ह्यातील कडवंची गावात १९९६ पासून इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमातून शेताशेतांत काम झाले आणि त्या कोरड्या भागात द्राक्षबागा उभ्या राहिल्या, हे उदाहरण आपल्या ग्रामस्थांना प्रत्यक्ष नेऊन दाखवण्यासारखे आहे.

आता नाला. आपल्याकडे खाली बेसाल्ट, म्हणजे काळा पाषाण आहे. त्यात पाणी धरते ते मुख्यतः वरच्या मुरमात आणि सांध्या-भेगांच्या खडकात. वैशाखात नाल्याकडेच्या कोरड्या विहिरीत वाकून पाहा: वर काळी माती, तिच्याखाली पिवळसर मुरूम, त्याच्या तळाशी झऱ्याची ओल आणि खाली घट्ट काळा पाषाण. नाल्याचा तळ त्या ओलीच्या रेषेखाली नेला, तर विहिरींना पोसणारा मुरमाचा थर कापला जातो आणि विहिरींचे पाणी नाल्यात उतरून वाहून जाते. पाषाणापर्यंत खोदले, तर पाणी दिसते खरे, पण ते मुरत नाही, उन्हाने आटते. म्हणून साचलेला गाळ मूळ तळापर्यंत काढणे योग्य आणि तो हलक्या शेतांत पसरणेही योग्य. त्याखाली जाऊ नये. धुळे जिल्ह्यातील शिरपूर येथे नाले खोल व रुंद करून बंधारे बांधले गेले, त्या कामाचा दाखला येथे नेहमी दिला जातो; परंतु तिथल्या बऱ्याच भागात तापीच्या गाळाचे जाड थर आहेत. आपला खडक वेगळा आहे, तेव्हा खोलीची नक्कल करू नये. बंधाऱ्याची जागाही भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या माणसाला दाखवूनच ठरवावी.

पाणी वापराचा मुद्दा मी मुद्दाम शेवटी घेतला, कारण त्यावर मला सर्वांत आग्रहाने लिहायचे आहे. विहिरींना पाणी वाढलेले दिसताच काठावरचे शेतकरी ऊस लावतात, बोअर घेतात, आणि डोंगरावर श्रमदान केलेल्या कोरडवाहू व भूमिहीन घरांच्या वाट्याला काहीच येत नाही. पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीत नियम घातला तो असा: पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता माणशी अर्ध्या एकराला आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांना, भूमिहीनांनाही वाटा, आणि उसाला मनाई. हिवरे बाजारात पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने गाव दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडते, पिण्याचे व जनावरांचे पाणी आधी बाजूला काढते आणि उरलेल्यावर पिके ठरवते. सिंचनासाठी बोअरवेल घेण्यावर तिथे बंदी आहे. राज्याचा २००९ चा भूजल अधिनियमही अधिसूचित क्षेत्रात ६० मीटरपेक्षा खोल विहिरीला मनाई करतो, पण अंमल गावानेच मनावर घेतला तर होतो. विहिरीतून उपसून प्लास्टिक अस्तराचे शेततळे भरण्यालाही ठरावात मनाई असावी. सर्वांच्या मालकीचे भूजल एकाच्या तळ्यात उघड्यावर ठेवून वाफ होऊ देणे, हे मला कोणत्याही कारणाने समर्थनीय वाटत नाही.

यंत्र येईपर्यंतचा वेळ असा वापरावा. वरच्या, मधल्या आणि खालच्या टप्प्यातल्या काही विहिरी निवडून, दोरीला वजन बांधून, काठापासून पाण्यापर्यंतची खोली वहीत नोंदवावी आणि पुढे दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला, सकाळी उपसा सुरू होण्यापूर्वी, ती मोजत राहावे. शाळेत एक पर्जन्यमापक बसवावा. डोंगराची आखणी आणि बांधांची संमतिपत्रे पूर्ण झाली की वापराच्या ठरावासह ती ग्रामसभेपुढे ठेवावीत. नाल्यावर बंधारा हवा की नको, हे दोन पावसाळ्यांच्या नोंदी हाती आल्यावर ठरवावे.