टॉवर झाला तरी शेजार टिकेल का?

प्रश्न: आमची गिरगावातली चाळ पाडून टॉवर होतोय. मोठं घर मिळणार म्हणून सगळे खुश आहेत, मीपण आहे, पण गॅलरी गेली की शेजारपण गेला असं वाटतं. सासूबाई तर दिवसभर गॅलरीतच बसलेल्या असतात. आर्किटेक्टसोबत मीटिंग आहे, काय काय मागू?

उत्तर: ताई, घरातलं स्वतःचं टॉयलेट ही लहान गोष्ट नाही, रात्री-अपरात्री टोकाच्या कॉमन संडासापर्यंत जाताना म्हाताऱ्यांचे, बायकांचे काय हाल होतात ते माहितीये, त्यामुळे चाळच बरी होती असं मी अजिबात म्हणणार नाही. पण चाळीतला शेजार नुसत्या चांगुलपणावर टिकला नाही, गॅलरीने टिकवला. कामाला निघा नाहीतर दळण आणायला, चार उघड्या दारांवरून जावंच लागतं, मग कोण आजारी, कोणाकडे पाहुणे आलेत ते आपोआप कळतं. टॉवरमध्ये लिफ्टमधून निघालं की थेट आपलं दार.

जमलं तर नवी मुंबईत बेलापूरची आर्टिस्ट व्हिलेज ही वसाहत बघून या, आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांनी १९८० च्या दशकात केलीय. सात-सात घरं साधारण ८ बाय ८ मीटरच्या अंगणाभोवती, आणि असे तीन गट मिळून अजून एक मोठं अंगण. सात घरांचं अंगण असलं की खेळणाऱ्या पोरांवर कोणाची ना कोणाची नजर असतेच. अख्ख्या टॉवरला मिळून पार्किंगच्या छतावर एकच बाग, म्हणजे पोडियम गार्डन, दिलं तर तिथे ही आपुलकी येत नाही.

म्हणून प्रत्येक मजल्यावर लिफ्टसमोरची जागा ऐसपैस मागा, खिडकीवाली, बाक टाकता येईल अशी, सासूबाई तिथे बसतील. ‘रिफ्यूज एरियात बसा की’ असं कोणी म्हणालं तर ऐकू नका, ती आगीच्या वेळेसाठी मोकळीच ठेवायची असते. सोसायटीचा कॉमन हॉल तळमजल्यावर गेटजवळ हवा, वर नेला की कोणी फिरकत नाही. रॅम्प १:१२ चा आहे ना ते प्लॅनवर स्वतः मोजा, म्हणजे २ फूट चढायला २४ फूट लांबी, त्याहून उभा असला तर व्हीलचेअर ढकलणाऱ्याचाही जीव जातो. आणि कामवाल्या मावशींना वेगळी लिफ्ट असा विषय निघाला तर तिथेच ठाम नाही म्हणा, प्लीज.

हे सगळं प्लॅन पालिकेत मंजुरीला जायच्या आधी लेखी द्या, नंतर भिंत हलवायला कोणी तयार होत नाही.