सिरॅमिक मेम्ब्रेनचा ऑक्सिजन वर्कशॉपला परवडेल का?

प्रश्न : अंबड एमआयडीसीत आमचं छोटं फॅब्रिकेशनचं काम आहे, गॅस कटिंगला सिलिंडर लागतात. एकजण म्हणाला सिरॅमिक मेम्ब्रेनमधून हवा सोडली की पीएसए प्लांटपेक्षा (हवेतला नायट्रोजन शोषून ऑक्सिजन वेगळा करणारा प्लांट) प्युअर ऑक्सिजन मिळतो. बसवून घेऊ का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : दादा, प्युअरिटीचं ऐकलंत ते खरंय. पण ही आरओसारखी बारीक भोकांची जाळी नाही, चांगल्या मेम्ब्रेनला भोकच नसतं. लॅन्थनम, स्ट्रॉन्शियम, कोबाल्ट, लोखंड यांच्या ऑक्साइडचं हे सिरॅमिक, त्याच्या स्फटिकात ऑक्सिजनच्या काही जागा रिकाम्या असतात. ८००-९०० डिग्रीला तापवलं की हवेतल्या ऑक्सिजनचा रेणू तुटून आयन म्हणजे विद्युतभार असलेले कण होतात, ते एका रिकाम्या जागेतून दुसरीत उड्या मारत पलीकडे जातात आणि तिथे परत जोडी जमवतात, इलेक्ट्रॉन त्याच सिरॅमिकमधून उलटे येतात म्हणून बाहेरून करंट लागत नाही, फक्त हवेच्या बाजूला ऑक्सिजनचं प्रेशर जास्त पाहिजे. नायट्रोजन, आर्गॉनला वाटच नाही, म्हणून जवळपास १०० टक्के प्युअर. पीएसएमधलं झिओलाइट नावाचं खनिज नायट्रोजन धरतं पण आर्गॉन ऑक्सिजनसोबत निघून येतो, त्यामुळे गाडी ९५ टक्क्यांच्या आसपास अडते. तुमच्या कटिंगला ९९.५ टक्के लागतो, एक टक्का जरी कमी झाला तरी स्पीड साधारण पाव हिश्शानं पडतो आणि खाली स्लॅग म्हणजे वितळलेला मळ चिकटतो.

खरी अडचण त्या तापमानात आहे. मेम्ब्रेनची नळी चोवीस तास गरम ठेवायची, संध्याकाळी बंद सकाळी चालू असं केलं की तडा जायची भीती, कारण तापलं की सिरॅमिक फुगतं आणि त्यातला ऑक्सिजन कमी झाला तरी फुगतं, आणि जिथे ते स्टीलला जोडलंय तिथे दोघांचं फुगणं वेगळं, मग सील सुटतो. बेरियमवाल्या मटेरियलला तर कार्बन डायऑक्साइडही सोसत नाही, वर कार्बोनेटचा थर बसतो. जपानमध्ये तेराओका यांच्या गटानं १९८५ मध्ये अशा सिरॅमिकमधून ऑक्सिजन जातो हे दाखवलं, पुढे अमेरिकेत एअर प्रॉडक्ट्स या गॅस कंपनीनं सरकारी मदतीनं वर्षानुवर्षं खपून काम केलं, तरी मोठ्या प्रमाणावर अजून हवा अतिथंड करून ऑक्सिजन काढणारे क्रायोजेनिक प्लांटच चालतात. ही मेम्ब्रेन शोभते ती जिथे भट्टीची उष्णता आधीच आहे तिथे, काच, पोलाद, कोळशासारख्या इंधनाचा गॅस करणारा गॅसिफायर असल्या ठिकाणी, आणि मला मनापासून वाटतं की तिथे तिच्यावर काम व्हायलाच पाहिजे.

तुम्ही सध्या सिलिंडरच ठेवा, खप वाढला तर लिक्विड ऑक्सिजनच्या ड्युरा सिलिंडरचा हिशोब काढा. आणि पीएसए विकायला कोणी आलंच तर आधी त्याच्या गॅसवर तुमचीच जाड प्लेट कापून दाखवायला सांगा.