व्हॉट्सॲपवर आलेली ऑडिओ क्लिप एडिट केलेली आहे का, हे कसं ओळखायचं? एखादं फ्री ॲप आहे का?

ॲपच्या नादी लागू नका. मी डबिंग स्टुडिओत आवाज कापायचं-जोडायचंच काम करतो. सफाईने मारलेला कट बोलण्यात सापडत नाही, बोलण्यामागे जे वाजत असतं त्यात सापडतो.

आमच्या भावकीत हे झालंय. चुलतभावाने गावच्या ग्रुपवर आप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, क्लिप टाकली: "विहिरीकडचा तुकडा तुझा." झालं! आप्पा शब्द फिरवतात म्हणून गावभर बोभाटा. आप्पांचं म्हणणं, "आधी सोसायटीचं कर्ज फेड, मग" हे त्याच दमात म्हटलं होतं. मी क्लिप ऑडॅसिटी या आवाज कापायच्या-जोडायच्या प्रोग्राममध्ये घेऊन स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे कोणता सूर कधी वाजला हे दाखवणारं आवाजाचं चित्र, लावला. आत कुकर होता. शिट्टीची जाड पट्टी चढत गेली आणि "विहिरीकडचा"च्या ऐन आधी सुरीने कापावी तशी तुटली. पंख्याची घरघरही तिथूनच बदलली. कुकरची शिट्टी अशी गप्पकन थांबते होय?

यावर चुलतभावाचं एकच पालुपद, "आवाज तर आप्पांचाच ना?" अरे, आहेच की! आवाज कुणाचा आणि बोलणं सलग आहे का, या दोन वेगळ्या तपासण्या आहेत. लॅबवाले विजेची ५० हर्ट्झची गुणगुणही बघतात. ती रेकॉर्डिंगमध्ये उतरली असेल तर कटापाशी तिची लय चुकते.

प्रकरण कोर्टात जाणार असेल तर मूळ फोन मागा. खोतकर-गोरंट्याल या जालन्याच्या निवडणूक खटल्यात सुप्रीम कोर्टाने २०२० साली स्पष्ट केलंय: नुसती प्रत दिली तर जुन्या पुरावा कायद्यातल्या कलम ६५-ब चं (इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं) प्रमाणपत्र हवंच, मालकाने स्वतः साक्षीला येऊन मूळ उपकरण दाखवलं तर नको. १ जुलै २०२४ पासून नव्या पुरावा कायद्यात तेच कलम ६३ झालंय आणि प्रमाणपत्रात फाइलची हॅशही, म्हणजे फाइल जराही बदलली की बदलणारा तिचा ठसा-क्रमांक, लिहावी लागते. पण हॅश काढण्याआधीच कात्री चालली असेल, तर ती हॅश काय सांगणार?

हां, एक राहिलं. आजकालचे फोन मागचा गोंगाट आपोआप दाबतात, त्यामुळे पार्श्वभूमी तुटली म्हणजे कट असं दरवेळी नसतं. कॉल रेकॉर्डिंगमध्ये तर ५० हर्ट्झ बहुधा उरतच नाही. म्हणूनच म्हणतो, फोन मागा. आमच्याकडे मागितला, तर तो म्हणे विकला. त्याच फोनवरून रोज सकाळी ग्रुपवर सुविचार येतात.