इंग्रजांनी रेल्वेसाठी भारतातली जंगले संपवली, हे कितपत खरे आहे?

निम्मे खरे आहे. रेल्वेने जंगलातली जुनी, सरळ वाढलेली, जाड खोडाची झाडे खाल्ली. जंगलाखालची जमीन मात्र जास्त करून नांगराखाली गेली. ही दोन खाती वेगळी न ठेवल्यामुळे बहुतेक चर्चांत घोळ होतो.

आधी स्लीपर, म्हणजे रुळांखाली आडवे टाकलेले लाकडी ठोकळे, कारण त्याचा हिशेब घरी बसून मांडता येतो. ब्रॉडगेजचा लाकडी स्लीपर साधारण १० फूट लांब, १० इंच रुंद आणि ५ इंच जाड, म्हणजे साडेतीन घनफुटांच्या आसपास चिरीव लाकूड. मैलाला असे १,८०० तरी लागत. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे एवढीच असलेली रेल्वे १८९० पर्यंत जवळपास १६,००० मैलांवर पोचली होती. गुणाकार केला तर रुळांखाली २ कोटी ८८ लाख स्लीपर येतात. हा आकडा चढा आहे. बराच मार्ग कमी रुंदीच्या मीटरगेजचा होता, त्याचे स्लीपर लहान; काही ठिकाणी लोखंडी स्लीपर होते; आणि क्रिओसोट (कुजू नये म्हणून लावायचे तेल) मुरवलेले पाइनचे लाकूड विलायतेहूनही येत असे. तरी अंदाज यायला पुरेसा आहे.

खरी मेख पुढे आहे. स्लीपर एकदा टाकून भागत नाही. चांगल्या लाकडाचा स्लीपर इथल्या पावसात आणि वाळवीत १२-१४ वर्षे टिकायचा, हलक्या लाकडाचा पाच-सहा वर्षांतच भुसा. लाकूड कुजले की रूळ धरून ठेवणारा खिळा सैल होतो, दोन रुळांमधले अंतर फाकते आणि गाडी घसरते. त्यामुळे भरवशाची झाडे तीनच: साग, साल आणि देवदार. वरचाच आकडा घेऊन १२ ने भागा: नवा एक मैलही न वाढवता वर्षाला २४ लाख स्लीपर. १८५० च्या दशकात एकट्या मद्रास इलाख्यात स्लीपरसाठी दरवर्षी ३५,००० झाडे पडत होती. वर इंजिनांची भूक वेगळी. बंगालमधल्या राणीगंजचा कोळसा जिथे महाग पडे, तिथे, म्हणजे मद्रास आणि पंजाबकडे, इंजिने सरपणावर चालत.

नासाडीही अफाट होती. ठेकेदार कुऱ्हाडीने झाड पाडून बुंध्याचा सरळ भाग तेवढा घेत आणि बाकीचे रानात कुजायला सोडत. ओढून आणायला रस्ता नसेल तर अख्खे ओंडकेच पडून राहत. गढवालमध्ये ‘पहाडी’ विल्सन या नावाने ओळखल्या गेलेल्या फ्रेडरिक विल्सनने टिहरीच्या राजाकडून ठेका घेऊन देवदार तोडला आणि भागीरथीतून खाली सोडला.

रेल्वेआधी हेच काम गोदीने, म्हणजे जहाजबांधणीने, केले होते. १८०६ साली मलबारात जंगलाचा पहिला कॉन्झर्व्हेटर (जंगल अधिकारी) नेमला तो आरमाराला साग मिळावा म्हणून. डांगच्या भिल्ल राजांकडून १८४२ मध्ये जंगले भाडेपट्ट्याने घेतली तीही सागासाठीच. वाडियांनी मुंबईत सागवानी लाकडात बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ हे १८१७ चे जहाज इंग्लंडमध्ये अजून तरंगते आहे, यावरून त्या लाकडाची प्रत कळावी.

आता नांगर. शेतसारा हे सरकारचे मोठे उत्पन्न, आणि ज्या जमिनीतून सारा येत नाही ती सरकारी भाषेत ‘पडीक’. रान तोडून वहिवाटीला आणणाऱ्याला सवलत मिळे. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू होऊन कापसाचे भाव कडाडले, तेव्हा वऱ्हाड-खानदेशात काळी जमीन भराभर लागवडीला आली. १८८० ते १९२० या काळात देशातले लागवडीखालचे क्षेत्र सुमारे ६७ लाख हेक्टरांनी वाढले. त्या मानाने रुळांची पट्टी किती रुंद असते?

मग जंगल खाते कशासाठी? १८६४ मध्ये डीट्रिख ब्रँडिस जंगल खात्याचे पहिले इन्स्पेक्टर जनरल झाले, १८६५ आणि १८७८ मध्ये जंगलाचे कायदे आले. पुढची पन्नास वर्षे स्लीपर मिळत राहावेत ही त्यामागची मोठी निकड होती. राखीव जंगल, कूप म्हणजे तोडीचे तुकडे पाडून पाळीपाळीने तोड आणि मोकळ्या जागी एकजात साग, अशी ती पद्धत. काही जंगले त्यामुळे टिकली हे मान्य करायला हवे. पण मिश्र रानाचे सागवान झाले की आवळा, बेहडा, मोह, चारोळी जाते, आणि गावाच्या दृष्टीने ते जंगल संपलेलेच असते. खाते स्वतःही फसले: वणवा पूर्ण बंद केल्यावर अनेक ठिकाणी सालाची रोपे उगवेनाशी झाली. तळाशी दाट झुडूप माजून रोपांना उजेडच मिळत नव्हता.

ठाणे आणि कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्यांत भांडण राबाचे होते. राब म्हणजे भाताचे रोप टाकायच्या आधी वाफ्यावर शेण, टहाळ, पालापाचोळा आणि माती असे थर रचून उन्हाळ्यात जाळतात. तण मरते, राखेचे खत होते. त्यासाठी ऐनाच्या झाडाच्या फांद्या छाटाव्या लागत. त्यावर बंधन आले म्हणजे भातशेतीवरच बंधन. तक्रारी एवढ्या वाढल्या की मुंबई सरकारला १८८५ मध्ये चौकशी आयोग नेमावा लागला. महात्मा फुले तर त्याआधीच लिहीत होते की डोंगर, दऱ्या, गायराने सगळी या खात्याने गिळली आणि शेतकऱ्याच्या शेळ्या-करडांना जागा उरली नाही.

आणि १९४७ नंतरचे पाप इंग्रजांच्या माथी मारता येत नाही. १९५१ ते १९८० या काळात सुमारे ४३ लाख हेक्टर वनजमीन इतर कामांना दिली गेली. धरणे आणि कारखाने चटकन डोळ्यांसमोर येतात, पण त्यातली २६ लाख हेक्टर पुन्हा शेतीलाच गेली. १९८० च्या वन संवर्धन कायद्यानंतर वनजमीन वळती करायला केंद्राची मंजुरी लागू लागली, तेव्हा कुठे हा वेग उतरला.